समारंभापूर्वीची पोटफुगी आणि व्यायामाचे तारतम्य

तुळशीची लग्ने लागली की महाराष्ट्रातील गावोगावी लग्नसराईचे वेध लागतात. बस्ता, आमंत्रणे, मंडप आणि मानपान यांच्या धावपळीत नियोजित वधूवरांच्या मनात आणखी एक चिंता घर करून असते. माप देऊन शिवलेला घागरा कमरेला आवळतो, शेरवानीची बटणे ओढून लावावी लागतात आणि ऐन मुहूर्तावर पोट पुढे आलेले दिसेल की काय, या विचाराने मन अस्वस्थ होते. हीच चिंता शाळेच्या स्नेहसंमेलनात नृत्य करणाऱ्या मुलींना, स्वातंत्र्यदिनाच्या संचलनात भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करणाऱ्या तरुणांनाही भेडसावते.

या चिंतेवर जो उपाय सर्रास केला जातो तो असा : शेवटच्या आठ दिवसांत जेवण निम्म्यावर आणायचे, धावणे दुप्पट करायचे आणि सकाळ-संध्याकाळ पोटाचे व्यायाम घामाघूम होईपर्यंत करायचे. पुष्कळदा या उपायाचा परिणाम अगदी उलट होतो. पोट अधिकच फुगते, अंग दुखू लागते, झोप उडते आणि ज्या दिवसासाठी हा खटाटोप केला त्या दिवशी चेहऱ्यावर थकवा दिसतो. असे का होते आणि त्याऐवजी काय करावे, हे शरीरशास्त्राच्या आधारे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पोट सुटणे आणि पोट फुगणे

पोट सुटणे आणि पोट फुगणे या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. पोट सुटते ते त्वचेखाली व आतड्यांभोवती साचलेल्या चरबीमुळे. ती महिनोन् महिने साचत जाते आणि सकाळी असते तेवढीच संध्याकाळीही असते. पोट फुगते ते आतड्यांतील वायू, साचलेला मळ, शरीरात अडकून राहिलेले पाणी आणि पोटाच्या स्नायूंची ढिलाई यांमुळे. अशी फुगी सकाळी उठल्यावर बहुधा कमी असते, जेवणानंतर वाढते आणि रात्री सर्वांत जास्त जाणवते. कमरेचे माप सकाळी व रात्री घेऊन पाहिले तर हा फरक कोणालाही घरच्या घरी समजू शकतो.

हा भेद महत्त्वाचा आहे, कारण दोहोंचे उपाय निराळे आहेत. एक किलो चरबी घटण्यासाठी सुमारे ७,७०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च व्हावी लागते. साठ किलो वजनाच्या व्यक्तीने तासभर भरभर चालल्यास साधारणपणे २५० ते ३०० किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे आठ दिवस रोज तासभर चालूनही चरबी घटेल ती पाव किलोहून थोडी अधिक. आरशात दिसावा असा फरक तेवढ्याने पडत नाही. शिवाय पोटाचे व्यायाम केल्याने केवळ पोटावरचीच चरबी झडते, ही समजूतही चुकीची आहे. त्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात; चरबी मात्र साऱ्या शरीरातून थोडथोडी वापरली जाते.

तेव्हा समारंभाला आठ-दहा दिवस उरले असताना चरबी हटवण्याचा हट्ट धरणे व्यर्थ होय. त्या अवधीत जी कमी होऊ शकते ती फुगी आणि फुगी कष्टाने जाळून टाकता येत नाही. तिला वाट करून द्यावी लागते.

वायू येतो कोठून?

निरोगी माणसाच्या आतड्यांत कोणत्याही क्षणी साधारणपणे १०० ते २०० मिलिलिटर वायू असतो आणि दिवसातून दहा-वीस वेळा तो बाहेर पडणे स्वाभाविक आहे. यातील काही भाग गिळलेल्या हवेचा असतो. घाईघाईने जेवणे, जेवताना सतत बोलणे, गरम चहा भुरके मारीत पिणे, च्युइंगम चघळणे, सोडा किंवा शीतपेये पिणे आणि तोंडाने धापा टाकीत धावणे या सर्व क्रियांत हवा पोटात जाते.

उरलेला वायू मोठ्या आतड्यात तयार होतो. हरभरा, वाल, पावटे, वाटाणे, राजमा यांसारख्या कडधान्यांत काही अशा शर्करा असतात की त्यांचे विघटन करणारा पाचकरस मनुष्याच्या शरीरात नसतो. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तेथील जिवाणू त्या आंबवतात. या क्रियेत हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काहींच्या बाबतीत मिथेन हे वायू निर्माण होतात. कांदा, लसूण, गहू, कोबी व फ्लॉवर यांतील काही घटकांचेही असेच होते. पुष्कळ प्रौढांना दुधातील साखर नीट पचत नाही. त्यांना बासुंदी, खीर किंवा दुधाची भुकटी घातलेली पेये घेतल्यावर फुगी जाणवते. व्यायामशाळेत जाणारे तरुण घेतात त्या प्रथिनांच्या काही भुकट्यांतही दुधातील साखर किंवा न पचणारे गोडवे असतात. शरीर कमावण्यासाठी घेतलेली भुकटीच पोट फुगवीत असल्याचे त्यांच्या ध्यानात येत नाही.

वायू निर्माण होणे हा रोग नव्हे. तो पुढे सरकत राहिला तर त्रास होत नाही. बद्धकोष्ठ असल्यास, बराच वेळ बसून राहिल्यास किंवा शौचाची भावना दाबून धरल्यास तो आतच अडकतो आणि पोट तट्ट होते.

श्वासपटलाची भूमिका

फुगीचे आणखी एक कारण अलीकडच्या संशोधनाने पुढे आणले आहे. छाती आणि पोट यांच्या मध्ये श्वासपटल नावाचा घुमटाच्या आकाराचा स्नायू असतो. जेवणानंतर पोटातील ऐवज वाढला की सामान्यतः हे पटल वर सरकते आणि पोटाच्या भिंतीचे स्नायू किंचित आवळले जातात. त्यामुळे पोट फारसे पुढे येत नाही. स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी क्ष-किरण प्रतिमांच्या साहाय्याने असे दाखवून दिले की, फुगीचा त्रास असणाऱ्या अनेकांमध्ये याच्या उलट घडते. त्यांचे श्वासपटल खाली दाबले जाते, पोटाचे स्नायू ढिले पडतात आणि वायूचे प्रमाण फारसे वाढलेले नसतानाही पोट पुढे येते.

फुगी आली म्हणजे पोट आत ओढून श्वास रोखून धरण्याची अनेकांना सवय असते. त्याने घटकाभर पोट आत गेल्यासारखे दिसते. परंतु श्वास उथळ होतो, छाती ताठते आणि अस्वस्थता वाढते. त्याऐवजी संथ व दीर्घ श्वसनाचा अभ्यास अधिक हितकर ठरतो. चिंता व ताण यांमुळेही आतड्यांच्या हालचालींत आणि त्यांच्या संवेदनेत बदल होतो. समारंभाच्या आधीच पोट का बिघडते, या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळते.

हलका व्यायाम आणि जड व्यायाम

व्यायामाचा आतड्यांवर होणारा परिणाम त्याच्या मात्रेवर अवलंबून असतो. बार्सिलोना येथील संशोधकांनी निरोगी व्यक्तींच्या लहान आतड्यात मोजून वायू सोडला आणि तो किती वेगाने बाहेर पडतो हे पाहिले. पडून राहण्यापेक्षा ताठ स्थितीत वायू लवकर पुढे सरकतो असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. पुढे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी फुगीचा त्रास असलेल्या रुग्णांना एका जागी बसवलेल्या सायकलीचे पायडल हलकेच मारायला सांगितले. तेव्हा अडकून राहणाऱ्या वायूचे प्रमाण घटले. इराणमध्ये झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जेवणानंतर दहा ते पंधरा मिनिटे चालण्याने फुगीच्या रुग्णांना आराम पडल्याचे आढळले. जेवणानंतर शतपावली घालण्याचा जुना प्रघात शरीरशास्त्राला धरूनच होता, असे यावरून म्हणता येईल.

जड व्यायामाची गोष्ट वेगळी आहे. जोराने धावताना किंवा दमछाक होईपर्यंत व्यायाम करताना शरीर आपले रक्त स्नायूंकडे व त्वचेकडे वळवते आणि आतड्यांचा रक्तपुरवठा निम्म्याहूनही कमी होऊ शकतो. पचन मंदावते, मळमळ, पोटात कळ, फुगी किंवा जुलाब अशी लक्षणे उद्भवतात. लांब पल्ल्याच्या धावपटूंमध्ये ही तक्रार नेहमीची आहे. उन्हात आणि पाणी कमी पिऊन व्यायाम केल्यास हा त्रास आणखी वाढतो.

सवय नसताना एकाएकी केलेल्या कष्टाचा दुसराही परिणाम होतो. स्नायूंना सूक्ष्म इजा होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते ठणकू लागतात आणि दुरुस्तीच्या क्रियेत तेथे पाणी साठते. त्याशिवाय स्नायूंमध्ये साठणाऱ्या ग्लायकोजेन या इंधनाच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरले जाते. त्यामुळे नव्याने व्यायाम सुरू करणाऱ्याचे वजन पहिल्या काही दिवसांत किंचित वाढलेलेही दिसते. ही वाढ तात्पुरती असते. पण नेमक्या समारंभाच्या आठवड्यात ती दिसल्याने मनुष्य हवालदिल होतो आणि व्यायाम आणखी वाढवतो. हे दुष्टचक्र वेळीच तोडले पाहिजे.

दिवसांचा हिशेब

समारंभापूर्वीच्या व्यायामाची आखणी दिवस मोजून करावी. महिनाभराचा अवधी असेल तर रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालण्याचा नेम धरावा. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाच्या व्यायामाची शिफारस केली आहे. हा नेम तेवढाच भरतो. चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही मध्यम गतीची सोपी खूण होय. ज्यांना जोर, बैठका किंवा सूर्यनमस्कारांची सवय आहे त्यांनी ते चालू ठेवावेत. मात्र भर टप्प्याटप्प्याने घालावी. बद्धकोष्ठ मोडण्यासही या महिन्याचा उपयोग होतो, कारण नियमित हालचालीने आतड्यांची गती सुधारते.

शेवटच्या आठवड्यात कोणताही नवा व्यायाम सुरू करू नये. जो चालू असेल त्याचे प्रमाण हळूहळू कमी करीत जावे. खेळाडू स्पर्धेपूर्वी सराव कमी करतात ते याच हेतूने. शरीराला भरून येण्यास अवधी मिळावा म्हणून. पोटाचे जड व्यायाम, दोरीवरच्या उड्या आणि वेगाचे धावणे या आठवड्यात निम्म्यावर आणावे आणि शेवटचे दोन दिवस पूर्ण थांबवावे. त्याऐवजी तिन्ही वेळच्या खाण्यानंतर दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. जेवणानंतर लगेच आडवे होऊ नये आणि भरल्या पोटी जोराचा व्यायाम करू नये. मोठ्या जेवणानंतर निदान दोन-तीन तास जाऊ द्यावेत.

प्रत्यक्ष समारंभाच्या दिवशी सकाळी वीस मिनिटे संथ चालणे, थोडे अंग मोकळे करणे आणि पाच मिनिटे दीर्घ श्वसन एवढे पुरेसे आहे. विधी लांबतात, तासन् तास पाटावर किंवा खुर्चीत बसावे लागते. मधूनमधून उठून चार पावले चालण्याची सवड वधूवरांना मिळेल, अशी व्यवस्था घरच्या मंडळींनी ठेवावी. पोशाखाची नाडी अगर पट्टा प्रमाणाबाहेर आवळू नये. त्याने वायू अडतो आणि जळजळ वाढते.

आसनांचा उपयोग

योगासनांचा पचनाशी असलेला संबंध शास्त्रीय पद्धतीने तपासण्याच्या कामात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ साली लोणावळा येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रिया करताना आतड्यांतील दाब कसा बदलतो, याची मोजणी करून क्ष-किरणांच्या साहाय्याने त्यांनी निरीक्षणे नोंदवली. योगाभ्यासाचे परिणाम प्रयोगशाळेत पडताळून पाहण्याची प्रथा रुजवण्यात या कार्याचा मोठा हात आहे.

तथापि उड्डियान व नौली या क्रिया शिक्षकाच्या देखरेखीखाली, रिकाम्या पोटी आणि दीर्घ सरावाने साध्य होणाऱ्या आहेत. चार दिवसांवर समारंभ आला असताना चित्रफीत पाहून त्या करू जाणे धोक्याचे आहे. त्या मानाने पवनमुक्तासन कोणालाही जमण्याजोगे आहे. उताणे पडून एक गुडघा दुमडावा, दोन्ही हातांनी तो पोटाजवळ आणावा, संथ श्वसन करीत काही क्षण थांबावे आणि पाय सरळ करावा. मग दुसऱ्या पायाने व शेवटी दोन्ही पायांनी तसेच करावे. हे आसन सकाळी शौचापूर्वी किंवा जेवणानंतर तीन-चार तासांनी करावे. हात व गुडघे टेकून पाठ वर-खाली करण्याचे मार्जारासनही पोटाला हलका व्यायाम देते. जेवणानंतर लगेच करण्यास चालते ते बहुधा एक वज्रासन. मात्र गुडघेदुखी असणाऱ्यांनी ते टाळावे.

श्वसनाचा अभ्यास असा करावा : उताणे पडून किंवा आरामात बसून एक हात छातीवर व दुसरा पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा, पोट हलकेच वर येऊ द्यावे, छाती स्थिर ठेवावी आणि घेतलेल्या वेळेपेक्षा अधिक वेळ लावून श्वास सोडावा. दिवसातून दोन वेळा पाच-पाच मिनिटे एवढा अभ्यास पुरे. गर्भवती स्त्रिया, हर्निया असलेले, नुकतीच पोटाची शस्त्रक्रिया झालेले आणि हृदयविकाराचे किंवा उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांनी पोटावर दाब देणारी आसने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून करू नयेत.

आहाराची जोड

व्यायामाचे तारतम्य राखूनही आहार बेतालपणे बदलला तर उपयोग होत नाही. वजन उतरावे म्हणून शेवटच्या आठवड्यात एकदम कच्च्या भाज्या, मोड आलेली कच्ची कडधान्ये आणि कोंड्याचे पदार्थ यांवर भर देणाऱ्यांचे पोट हमखास फुगते. चोथायुक्त आहार चांगलाच. पण तो काही आठवड्यांत थोडाथोडा वाढवत न्यावा लागतो. समारंभाच्या आधीचे दोन-तीन दिवस रोजच्या सवयीचा वरणभात, भाकरी, शिजवलेली दुधी-दोडक्यासारखी भाजी आणि ताक पुरते. कडधान्ये रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून देऊन, चांगली शिजवल्यास त्यांतील वायुकारक शर्करांचे प्रमाण घटते.

मिठाकडेही लक्ष द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. लग्नघरी पापड, लोणची, फरसाण व चिवडा यांची रेलचेल असते. जास्त मिठाने शरीरात पाणी धरले जाते आणि फुगीची भावनाही वाढते. पाणी मात्र कमी करू नये. पाणी तोडल्याने मळ घट्ट होतो आणि बद्धकोष्ठ वाढते.

उपासमार, जुलाबाची औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांचा आधार घेण्याची प्रवृत्ती विशेष घातक आहे. त्यांनी उतरते ते पाणी, चरबी नव्हे. शरीरातील क्षारांचे, विशेषतः पोटॅशियमचे प्रमाण बिघडून भोवळ, पेटके आणि हृदयाच्या ठोक्यांतील अनियमितता उद्भवू शकते. कमरेला गरम पट्टे बांधून घाम गाळण्याचे फळही तेच. पाणी प्यायल्यावर वजन पूर्ववत होते.

शाळा, मुले आणि मुली

स्नेहसंमेलन, क्रीडास्पर्धा किंवा संचलन यांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकांनी याबाबत अधिक दक्ष राहणे इष्ट आहे. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तासन् तास उन्हात तालीम घेणे आणि मुलांना उपाशीपोटी उभे करणे टाळावे. शेवटची मोठी तालीम दोन दिवस आधी उरकावी आणि आदल्या दिवशी केवळ हलकी उजळणी घ्यावी. कार्यक्रमाच्या दोन-तीन तास आधी हलके खाणे आणि मधूनमधून पाणी मिळाल्यास भोवळ येण्याचे प्रकार कमी होतात.

मासिक पाळीपूर्वीच्या दिवसांत अनेक मुलींना व स्त्रियांना पोट जड वाटते. त्या काळात शरीरातील संप्रेरकांच्या चढउतारामुळे आतड्यांची गती मंदावते आणि पाणीही धरले जाते. ही अवस्था पाळी आल्यानंतर आपोआप निवळते. हलके चालणे व पुरेशी झोप यांनी आराम पडतो. कठोर व्यायामाची सक्ती करू नये. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या समारंभासाठी परस्पर घेण्याची प्रथाही सोडली पाहिजे. त्यांचा निर्णय डॉक्टरांनीच द्यावयाचा असतो. ‘पोट दिसते’ अशी टीका वयात येणाऱ्या मुलींवर शाळेत किंवा घरात होऊ नये. अशा शेरेबाजीतूनच उपाशी राहण्याचे खूळ डोक्यात शिरते.

लहान मुलाचे पोट सतत मोठे आणि हातपाय काडीसारखे दिसत असतील तर तो व्यायामाचा विषय नव्हे. कुपोषण किंवा जंत यांची शंका घेऊन त्याला आरोग्य केंद्रात न्यावे. २०१५ पासून देशात राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळण्यात येतो आणि १ ते १९ वर्षे वयाच्या मुलामुलींना शाळा व अंगणवाड्यांमधून जंतनाशक गोळी दिली जाते. ती चुकणार नाही याची खबरदारी शिक्षकांनी घ्यावी.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

समारंभाच्या गडबडीत खरा आजार झाकला जाण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. लग्नानंतर बघू, असे म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. पोट फुगून सतत उलट्या होत असतील आणि शौच व वायू दोन्ही बंद झाले असतील, तर आतड्यात अडथळा निर्माण झाल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी कोणतेही जुलाबाचे औषध न देता आणि पोट न चोळता रुग्णास तातडीने रुग्णालयात हलवावे. त्यासाठी १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते.

कारण नसताना वजन घटणे, शौचावाटे रक्त पडणे, ताप येत राहणे, डोळे पिवळे दिसणे, पायांवर सूज येणे किंवा पोटात पाणी झाल्यासारखे वाटणे या लक्षणांसह असलेली फुगी यकृताच्या विकाराची अगर पोटाच्या क्षयरोगाची निदर्शक असू शकते. पन्नाशीच्या पुढील स्त्रीला नव्यानेच आणि रोजच्या रोज फुगी जाणवू लागली, थोडे खाऊन पोट भरल्यासारखे वाटू लागले किंवा वरचेवर लघवीला जावे लागू लागले, तर अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यता तपासून घेणे आवश्यक असते. हा रोग लवकर ओळखला गेला तर उपचारांना पुष्कळ वाव राहतो. घरातील कार्यासाठी राबणाऱ्या आईचे किंवा आजीचे दुखणे ‘गॅस’ म्हणून दुर्लक्षिले जाऊ नये, ही जबाबदारी साऱ्या कुटुंबाची आहे.

पंचायतीला काय करता येईल?

पोटफुगी ही वरवर पाहता व्यक्तीची खाजगी तक्रार वाटते. परंतु तिचे एक कारण सार्वजनिक आहे. कार्यालयात किंवा मंडपाजवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसले की स्त्रिया दिवसभर पाणी पिणे टाळतात आणि शौच-लघवी दाबून धरतात. बद्धकोष्ठ, फुगी आणि मूत्रमार्गाचा दाह यांचे हे एक कारण होय. समाजमंदिर, मंगल कार्यालय आणि यात्रेचे ठिकाण येथे स्त्रियांसाठी पाण्याची सोय असलेले, कडी लागणारे आणि दिवा असलेले स्वच्छतागृह आहे की नाही, हे ग्रामपंचायत सदस्यांनी जातीने पाहावे. शाळेच्या मैदानाभोवती किंवा गावाबाहेरच्या रस्त्यावर संध्याकाळी चालण्याजोगी, उजेडाची वाट असेल तर जेवणानंतर फिरण्यास स्त्रियाही निर्धास्तपणे बाहेर पडतील. आशा स्वयंसेविका आणि आरोग्य उपकेंद्रातील कर्मचारी यांच्या साहाय्याने लग्नसराईच्या आधी एखाद्या महिला सभेत या विषयाची माहिती देता येईल.

विवाह असो वा संचलन, त्या दिवसाची शोभा कमरेच्या मापावर अवलंबून नसते. महिनाभराचा नेमस्त व्यायाम, शेवटच्या आठवड्यात कमी होत जाणारे कष्ट, जेवणानंतरची शतपावली, सवयीचा आहार, पुरेसे पाणी आणि स्वस्थ झोप एवढ्याने पोट हलके राहते आणि मनही. शेवटच्या आठ दिवसांत शरीराला शिक्षा करून ते साधत नाही. हा साधा विचार शिक्षकांनी वर्गातून आणि लोकप्रतिनिधींनी गावसभेतून घरोघरी पोहोचवला, तर अनेक घरांतील मंगलकार्ये दुखण्याखुपण्याच्या सावटाविना पार पडतील.